मुहूर्त दिवेलागणीचा

शिआन, १८ जुलै २०१४

फेनलियान,

ताई व्हिडिओवर का येत नाही, असे तुझे तीन निरोप आले. फोन नूडलच्या पातेल्यात पडला. आवाज येतो, चित्र येत नाही. यान्नी मोबाइलच्याच दुकानात नोकरी करते, तरी आईचा फोन दुरुस्त करायला तिला सवड नाही. शिवाय तुला फोन करायचा म्हणजे तुझी सासू, तुझा नवरा आणि लेइलेइ अशा तिघांशी बोलावं लागतं. तुझी सासू तर तुला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही देते. म्हणून पत्र. शाळेत तुझं अक्षर माझ्याहून बरं होतं, तेव्हा कुरकुर न करता उत्तर लिही.

लेकीला स्वयंपाकाला माणूस हवं म्हणून मी इथे आले, त्याला चार महिने झाले. स्वयंपाक होतो. उरलेल्या वेळात शहर बघते. यान्नी आठला सुटते, त्यामुळे जे काही बघायचं ते अंधार पडल्यावर. घंटेचा मनोरा बघितला. वरपासून खालपर्यंत दिवे लावतात. आत जायची वेळ संपली होती. शिलालेखांचं संग्रहालय बघितलं, म्हणजे त्याचं दार. दार जुनं आणि चांगलं आहे. मोठा पॅगोडा एका बाजूला कलला आहे म्हणतात, रात्री ते कळत नाही. त्याच्यासमोर गाण्याच्या तालावर कारंजी उडतात. मी पुढे उभी होते. घरी येऊन कपडे बदलले.

सगळ्यात बरी जागा तटाखाली, खंदकाच्या कडेची बाग. संध्याकाळी म्हातारे आपापली वाद्यं घेऊन येतात आणि आपल्याकडच्या नाटकातली पदं म्हणतात. एक जण सेनापतीचं पद म्हणत होता. दात नव्हते, पण आवाज खंदकापलीकडे जात होता. आवडलं की लोक गाणाऱ्याच्या गळ्यात लाल कापड घालतात. त्याच्या गळ्यात चार होती. पाचवं मी घातलं.

बागेतल्या सफरचंदांना पिशव्या घालून झाल्या का?

ताई


तुंगयुआन, २ ऑगस्ट

ताई,

सासूबाईंनी तुझं पत्र मागितलं. मी म्हटलं, अक्षर लागत नाही. त्या म्हणाल्या, मग तू एवढा वेळ काय वाचत होतीस?

चार तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊन माणूस शहरात जातो आणि दार बघून येतो. आपल्या गावाला दारं नव्हती का? आणि यान्नीला रविवार नसतो? दुकानाचा मालक देत नसेल तर मी येऊन बोलते त्याच्याशी.

आता महत्त्वाचं. लेइलेइचं जमलं. मुलगी पू घराण्यातली, यिंगयिंग, तालुक्याला बालवाडीत शिकवते. बोलते कमी, पण बोलली की आपला लेइलेइ मान डोलावतो. मला पसंत आहे. तिची आई, पूबाई, मात्र करवंदाची जाळी आहे. दोनदा येऊन गेली. पहिल्यांदा बागेतली झाडं बघितली, दुसऱ्यांदा माणसं. तीन पिढ्यांत कोणाला वेड, क्षय, फेफरं, कातडीचा रोग होता का, सगळं विचारलं. त्यांच्या नात्यातली एक मुलगी अशाच घरात पडली आणि लग्नानंतर कळलं, तेव्हापासून त्या आधी विचारून घेतात. मी म्हटलं, आमच्यात सगळे धडधाकट. माझी ताई सत्तावन्नाव्या वर्षी पन्नास किलोचं पोतं उचलते.

साखरपुडा ३१ ऑगस्टला, रविवारी सकाळी दहाला. आम्ही दोघं कोळशाच्या खाणीवर होतो तेव्हा तीन वर्षं लेइलेइला तू सांभाळलंस. पहिल्यांदा 'आई' म्हणाला तोही तुलाच. तेव्हा तुझी खुर्ची माझ्या शेजारी. रविवारच आहे, यान्नीचं नाव सांगू नकोस.

फेनलियान


शिआन, ११ ऑगस्ट

फेनलियान,

पत्र दोनदा वाचलं. लेइलेइला सांग, मावशीला फार आनंद झाला. खरंच झाला.

साखरपुड्याला येणं जमेलसं दिसत नाही. दुकानात त्या आठवड्यात माल मोजतात, यान्नीला जेवायलाही फुरसत नसते, डबा पोचवावा लागतो. तू माझी खुर्ची ठेवू नकोस, सासूबाईंना पाय लांब करायला होईल.

इथे एक मैत्रीण झाली आहे. गेबाई, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांना रात्री झोप येत नाही. आम्ही दोघी तटावरून फिरतो. अख्खा तट चौदा किलोमीटर आहे आणि दहाला शिट्ट्या वाजवून सगळ्यांना खाली उतरवतात, म्हणून आम्ही तो तीन रात्रींत वाटून घेतला. एका बाजूला जुन्या शहराची कौलं, दुसऱ्या बाजूला उंच इमारती, मधे आम्ही. तटावर लोक पाण्याच्या बाटल्या टाकतात. गेबाईंना ते बघवत नाही. त्या पोतं घेऊन येतात आणि एकेक बाटली उचलतात, आणि प्रत्येक बाटलीला 'हा कोणाच्या घरचा' म्हणतात. पोतं धरायचं काम माझं.

एक सहज विचारते. पूबाईंनी कातडीच्या रोगाचं वेगळं विचारलं, की बाकीच्यांबरोबर? आणि त्या नात्यातल्या घरी नेमकं काय निघालं होतं? उगीच मनात आलं.

ताई


तुंगयुआन, ४ सप्टेंबर

ताई,

साखरपुडा झाला. तुझी खुर्ची मी ठेवली होती. पूबाईंनी विचारलं, ही कोणाची? मी म्हटलं, ताईची. म्हणाल्या, ताई कुठे? मी म्हटलं, वाटेत आहे. जेवणं होऊन लोक घरी गेले तरी तू वाटेतच होतीस. लेइलेइनं तुझ्या ताटलीत मटणाचा तुकडा वाढून ठेवला आणि मग तो कोणालाच खाऊ दिला नाही.

आता दुसरं ऐक. आपला ट्रकवाला लुओ मागच्या आठवड्यात शिआनला गेला होता. त्याने तुला बघितलं. रात्रीचे सव्वादहा, दक्षिण दरवाजाच्या पायऱ्या, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं आणि हातात रिकाम्या बाटल्यांचं पोतं. हाक मारली तर तू पाठ फिरवलीस. त्याने गावात येऊन हे पारावर बसून सांगितलं. गाव आता तुझं नाव घेऊन म्हणतं, लेकीनं माइरोंगला घराबाहेर काढलं, ती बाटल्या वेचून पोट भरते आणि लाजेनं तोंड झाकते. मी लुओशी भांडले. मग रात्री पडल्या पडल्या तुझी पत्रं आठवली. कधी दिवस नाही, कधी रविवार नाही, फोनला चित्र नाही.

मी चौदा तारखेला येते. बस बाराला पोचते. तू स्टँडवर ये. यान्नीला नको आणूस, तिच्याशी मी नंतर बोलेन.

फेनलियान


शिआन, ९ सप्टेंबर

फेनलियान,

यान्नीवर डोळे काढू नकोस. ती माझं फार करते. बाटल्या गेबाईंच्या होत्या, मागे लिहिलं होतं. टोपी धुळीसाठी. लुओची हाक ऐकू आली नाही.

ये. पण बाराच्या बसने नको. दोनला एक बस सुटते ती सहा-साडेसहाला पोचते, तिने ये. दुपारी स्टँडवर गर्दी असते, आपली चुकामूक होईल. साडेसहाला मी दाराशीच उभी असेन. एवढं ऐक.

ताई


तुंगयुआन, २३ सप्टेंबर

ताई,

पोचले. सासूबाई म्हणाल्या, आठ दिवसांत वाळलीस. मी म्हटलं, शहरात चालावं लागतं.

तुझ्या घरी असताना मला हे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. मी मुद्दाम बाराच्या बसने आले. मला वाटलं, साडेसहापर्यंत तू काहीतरी लपवशील, म्हणून आधी गाठावं. आणि तुला वाटलं, ही हट्टी आहे, बारालाच येणार. बरोबर वाटलं. स्टँडच्या दाराशी काळी छत्री, हातमोजे, टोपी आणि फडकं अशी एक बाई उभी होती. ऊन डोक्यावर होतं आणि पत्र्याच्या छपराखाली माणसांची रांग, म्हणून ती बाहेर. मी तिच्यासमोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "पिशवी जड असेल तर दे."

फडकं काढलंस आणि तोंडावरचे लाल चट्टे दिसले, तेव्हा मी पहिलं काय म्हटलं ते मला आठवतं आणि मी ते पुन्हा लिहिणार नाही. तू म्हणालीस, "रोगाच्या नावात लांडगा आहे, पण चावत नाही." ऊन सोसत नाही, सांधे धरतात, मूत्रपिंडावर डोळा ठेवून राहावं लागतं, एवढं तू स्वयंपाक करता करता सांगितलंस, जणू कोणा शेजारणीचं. दुसऱ्या दिवशी ताप चढला, तुझे डोळे सुजून बंद झाले आणि तुला इस्पितळात ठेवावं लागलं. तीन दिवस यान्नी दुकानातून येऊन माझ्यासाठी ताट वाढायची आणि बोलायची नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी घरी सोडलं तेव्हा मला म्हणाली, "मावशी, साडेसहाची बस तिनं उगीच नव्हती सांगितली." एवढंच.

तू आलीस कशाला ताई? मी हट्टी होते. तू तर शहाणी होतीस.

शेवटच्या रात्री तू मला हट्टाने खंदकाच्या बागेत नेलंस. तुला चालवत नव्हतं, गेबाईंनी एका बाजूने धरलं. तो बिनदाताचा सेनापती आला नव्हता. त्याच्या जागी एक बाई विधवेचं पद म्हणत होती, बेसूर. तू तरीही कापड घातलंस. मी विचारलं, एवढं वाईट गायली तरी? तू म्हणालीस, "रोज येते ती."

मी ठरवलं आहे. पूबाईंना सांगणार.

फेनलियान


शिआन, ३० सप्टेंबर

फेनलियान,

सांगायचं नाही.

मी हे सहा महिने कशासाठी लपवलं? मार्चमध्ये डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा पहिला विचार आला तो लेइलेइचा. तो लग्नाच्या वयाचा, आणि गावात हे नाव एकदा फुटलं की काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून मी पोतं बांधून इथे आले. लागत नाही, आणि भाच्याला होण्याची भीती अगदी थोडी, हे डॉक्टर म्हणतात. पूबाई डॉक्टर नाहीत.

लग्न होऊ दे. सकाळी, रीतीप्रमाणे. ताईला शहरात काम आहे म्हणून सांग. नाहीतर ताई तऱ्हेवाईक आहे म्हण, ते पटेल. मी इथे त्या दिवशी नवं जाकीट घालेन.

तब्येत बरी आहे. काल पुन्हा तटावर गेले, फक्त दोन बुरूज.

ताई


तुंगयुआन, ३ नोव्हेंबर

ताई,

सफरचंदं उतरवून झाली म्हणून आता लिहायला बसले.

तुझं ऐकलं नाही. तुझी फाइल यान्नीकडून मागवली होती, ती घेऊन पूबाईंकडे गेले. लेइलेइला आधी सांगितलं. तो म्हणाला, "लग्न मोडलं तर मोडू दे, मावशी काही लपवायची वस्तू नाही." मग म्हणाला, "पण मोडू देऊ नकोस."

मी म्हटलं, "पूबाई, मागे मी म्हटलं होतं आमच्यात सगळे धडधाकट. तेव्हा मला ते खरं वाटत होतं."

त्यांनी चष्मा मागवला. फाइल अख्खी वाचली, लघवीच्या तपासणीसकट. मग विचारलं, "लागतो?"

"नाही."

"मुलाबाळांना होतो?"

"क्वचित. होणारच नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत."

"मग मला सांगितलं कशाला? मला कुठून कळणार होतं?"

"तुम्ही विचारलं होतंत."

त्यांनी फाइल मिटून माझ्या हातात दिली. मी निघाले तर टोपलीभर अक्रोड दिले. अक्रोड कशाचे ते कळलं नाही. नकाराचेही असू शकतात.

अकरा दिवस काही नाही. लेइलेइ बागेत कामाला जायचा आणि एकाच झाडाखाली बसायचा. बाराव्या दिवशी पूबाई एकट्या आल्या. जिल्ह्याच्या इस्पितळात स्वतः जाऊन विचारून आल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचा डॉक्टर आणि माझा डॉक्टर एकच सांगतात. मग ठीक आहे." आणि टोपली परत मागितली.

तेव्हाच मी दुसरं काढलं. लग्न संध्याकाळी लावू, म्हणजे ताईला येता येईल. ताई, त्या बसल्या होत्या त्या उठल्या. म्हणाल्या, "बाराच्या आत लागतं ते पहिलं लग्न. दुपार कलल्यावर लावतात ते दुसऱ्या खेपेचं. माझी मुलगी चोवीस वर्षांची, तिला कोणी साधं बघायलाही आलं नव्हतं, आणि तुम्ही तिला बिजवरीण करता?"

रोग चालला, संध्याकाळ चालत नाही. आता काय करू सांग.

फेनलियान


शिआन, ९ नोव्हेंबर

फेनलियान,

काही करू नकोस. जमलं आहे ते हातचं घालवशील.

तुझं पत्र मी गेबाईंना वाचून दाखवलं, ते चुकलं. त्या पेटल्या. म्हणतात, ज्या शहरात आपण रोज फिरतो तिथे हजार-बाराशे वर्षांपूर्वी लग्नं दिवेलागणीलाच लागत. लग्नासाठी आपण जे एक अक्षर काढतो, त्याचा उजवा अर्धा भाग अजूनही 'संध्याकाळ' हेच अक्षर आहे, बघा म्हणे. मी लिहून बघितलं. आहे. अर्थात त्या भूगोल शिकवायच्या.

पूबाईंना हे सांगून उपयोग नाही. केवळ तू विचारलंस म्हणून लिहिलं.

ताई


तुंगयुआन, २ डिसेंबर

ताई,

सांगितलं. पूबाईंनी ते अक्षर कागदावर काढलं, लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं. म्हणाल्या, "हे माझ्या शेजारणीला वाचता येतं का?" मी म्हटलं, नाही. "मग?"

यिंगयिंग कोपऱ्यात बसून बालवाडीच्या पोरांसाठी कागदाचे मासे कापत होती. वर न बघता म्हणाली, "आई, सकाळी लग्न लागलं तर मी मावशींपुढे वाकायचं कधी? लेइलेइ म्हणतो, तीन वर्षं तीच आई होती. मग सकाळी एका सासूपुढे वाकून संध्याकाळी दुसरीकडे पुन्हा उभं राहावं लागेल. एकाच दिवसात दोनदा लग्न. ते मात्र खरंच दुसऱ्या खेपेचं."

पूबाईंनी यात चूक शोधायला बराच वेळ घेतला. सापडली नाही. मग तडजोड झाली. १० जानेवारी, संध्याकाळी सहा. पण पत्रिकेवर ठळक अक्षरात ओळ हवी: 'वधू आणि वर दोघांचाही हा प्रथम विवाह आहे.' छापखानेवाल्याने फोन करून विचारलं, नक्की ना? तुला पत्रिका सोबत पाठवते आहे. आता न येण्याची सोय उरलेली नाही.

फेनलियान


शिआन, १९ जानेवारी २०१५

फेनलियान,

सुखरूप पोचले. जाताना जशा, तशाच येताना यान्नीने गाडीच्या काचांना चादरी लावल्या होत्या. टोलनाक्यावरच्या माणसाने आत डोकावून विचारलं, पेशंट आहे का? यान्नी म्हणाली, वऱ्हाड आहे.

तू दिवसभर चुलीपाशी होतीस आणि संध्याकाळभर पाहुण्यांत, म्हणून तुला न दिसलेलं लिहिते.

थंडीने लोक पाय आपटत होते, पण कोणी उठून गेलं नाही. उन्हातलं लग्न सगळ्यांनी बघितलेलं, दिव्यांतलं कोणी बघितलं नव्हतं. तुझ्या सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, हे जुन्या राजधानीतलं आहे, तुम्हाला कळायचं नाही. लुओ ट्रकवाला माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "बाटल्या सांगायला नको होत्या." मी म्हटलं, "बाटल्या होत्याच." तो म्हणाला, "तरी." मग त्याने मला शेगडीजवळची स्वतःची जागा दिली.

यिंगयिंग माझ्यापुढे वाकली तेव्हा मी तोंडावरचं फडकं काढलं नाही. लेइलेइ वाकला आणि तिथेच थांबला. मी म्हटलं, ऊठ, लोक थांबलेत. उठताना त्याने मला जे म्हटलं ते तू ऐकलं असशील तर ठीक, नसशील तर ते माझ्यापाशी राहू दे.

मग फोटो. तुम्ही सगळे उभे राहिलात, मी बाजूला सरकले. मला चेहरा माहीत आहे. हिवाळ्यातही दोन्ही गालांवर कोणी चपराक मारल्यासारखा. तुझी पाठ होती. पूबाईंनी माझा दंड धरला. मी म्हटलं, असू दे, फोटो बिघडेल. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी एवढे दिवे लावले, पत्रिकेवर नसती ओळ छापली, गावभर चर्चा करून घेतली, आणि तुम्हीच फोटोत नाही?" मग स्वतः माझं फडकं सोडलं. गाठ घट्ट होती, त्यांना दोनदा ओढावं लागलं. माझ्याकडे बघितलं, आणि फडक्याची घडी घालून आपल्या खिशात टाकली. मला नवरीच्या शेजारी उभं केलं. फोटोवाल्याला म्हणाल्या, "आता काढ."

तू पाठवलेला फोटो काल यान्नीने आणून दिला. मी फार वाईट आले आहे. आणखी दोन प्रती पाठव.

ताई